बाबा, भांडण पगाराचं नाही

मुंबई

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, आधी हे सांगते: ऑफिसात तक्रार केली म्हणून नोकरी गेलेली नाही. देव पाण्यात घालून बसू नकोस.

दिवाळीपासून शनिवार-रविवारची ड्यूटी मी आणि एक नवा मुलगा, आम्हा दोघांच्याच बोकांडी. साहेबांच्या मर्जीतल्यांना एकदाही नाही. विचारलं तर म्हणे, "ॲडजस्ट करा, तुम्हाला कुठे लहान पोरं आहेत?" त्या मुलाने साखरपुड्यासाठी रविवार मागितला, तर अप्रेझलमध्ये शेरा आला, 'टीम स्पिरिट नाही'. माझी पगारवाढही कमीच आली, पण त्याचं तेवढं वाटलं नाही. हे कोण, कशावरून ठरवतं, ते सांगायलाच कुणी तयार नाही. ते लागलं.

बाबा, तुम्ही म्हणालात, "वरच्यांशी वाकडं घेऊ नकोस." हे तुम्ही सांगावं? लोअर परळच्या गिरणीच्या गेटवर बदलीवाले, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी घेतले जाणारे, म्हणून उभे राहायचात, आज काम आहे की नाही ते तिथेच कळायचं. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, त्यात तुम्ही होतात. पगार-बोनसचं होतंच, पण अजूनही तुम्ही चिडता ते 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यावर. बोलणी करणार मान्यताप्राप्त एकच युनियन, तुम्हाला ती नको असली तरी! त्या संपात आजीची खानावळ बसली, तुमची गिरणी कायमची सुटली. तेव्हा तुमची भीती कळते मला.

पण मी संप नाही केला, कंपनीच्या तक्रार निवारण समितीसाठी अर्ज केलाय. 20 किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती लागतेच. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तिच्यावर मालक-कामगारांचे सारखे प्रतिनिधी आहेत आणि कामकाजाला 30 दिवसांची मुदत. एचआरवाली म्हणाली, "तुम्ही तर एक्झिक्युटिव्ह, कामगार कुठे?" अहो, मी दिवसभर बिलं तपासते, हाताखाली एक माणूस नाही. कायदा काम बघतो, व्हिजिटिंग कार्ड नाही. रोस्टरच्या प्रती जोडल्या आणि पोचेवर शिक्का पडेपर्यंत टेबलापासून हलले नाही. तुमचीच सवय.

त्या मुलाने सही केली नाही. घराचे हप्ते आहेत त्याच्यामागे, मी आग्रह धरला नाही. मागणी एवढीच: रोस्टर महिनाभर आधी लागावं, आणि पाळीपाळीने. साहेब हल्ली बघून न बघितल्यासारखं करतात. करू देत.

आमसुलं पाठवू नका, अजून आहेत. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, कळवा.

तुमची,
सुमी