पल्स आधी, ग्रानफोंदो नंतर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल खोकत खोकतच ‘रविवारी ग्रानफोंदो आहेच’ म्हणालास, म्हणजे ती तुझी लांब पल्ल्याची सायकल शर्यत, आणि फोन ठेवलास. बाबा म्हणाले, आता लहान आहे का तो? नाहीस. म्हणून ओरडत नाही, लिहितेय.

ताप ३८ सेल्सिअस होता ना? नुसती सर्दी, घसा असेल तर हळूहळू चालव. पण छातीतला खोकला, अंगदुखी, ताप यातलं एकही असेल तर सायकलला हात लावायचा नाही. व्हायरलमध्ये हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. त्यात जोर केलास तर ठोक्यांची लय बिघडते. सकाळी अंथरुणातच पल्स मोज. एरवी तुझी पन्नासच्या आत. साठला गेली तर घरीच.

सायकलपटू सोन्नी कोल्ब्रेल्ली इटलीतल्या तुमच्या ब्रेशियाकडचाच, देसेन्झानोचा. २०१२ ला प्रो झाला आणि मोठ्या विजयासाठी वर्षानुवर्षं झगडला. मग २०२१ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, एकाच मोसमात इटलीचा विजेता, ट्रेंटोला बेल्जियमच्या एव्हनपूलला मागे टाकून युरोपचा विजेता आणि ३ ऑक्टोबरला पॅरिस-रुबे, ती दगडी रस्त्यांची शर्यत! तीही पहिल्याच खेपेला, भर चिखलात. १९९९ च्या ताफीनंतर तिथे जिंकणारा पहिला इटालियन. शेवटी व्हेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकलच्या गोल ट्रॅकवर, व्हॅन डर पूल, वर्मीर्श आणि हा, तिघं एकदम. चिखलाने चेहरे ओळखू येईनात. जिंकल्यावर तो गवतावर आडवा पडून रडला, आणि इकडे तू असा ओरडलास की खालच्या काकू वर आल्या.

बघ, कुठून कुठे गेले. सांगायचं होतं ते पुढचं. २१ मार्च २०२२, स्पेनमधल्या कातालुन्याच्या शर्यतीचा पहिला टप्पा. कोल्ब्रेल्ली नुकताच ब्राँकायटिसमधून उठला होता. स्प्रिंटमध्ये दुसरा आला, रेषा ओलांडली आणि कोसळला. हृदयच थांबलं होतं. तिथेच सीपीआर (छाती दाबणं) आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) मिळाला म्हणून वाचला. ब्राँकायटिसमुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण मनातून जातही नाही.

पुढे छातीत डिफिब्रिलेटर बसवला. तो असताना इटलीत स्पर्धेची परवानगी नाही. फुटबॉलपटू एरिक्सनलाही तसाच बसवला होता, तो इटलीचा इंटर क्लब सोडून इंग्लंडमध्ये खेळला. पण मैदानाच्या कडेला डॉक्टर असतो, घाटाच्या उतारावर कोण असणार? नोव्हेंबर २०२२ मध्ये कोल्ब्रेल्ली थांबला. बत्तीसच वर्षांचा होता.

आणि तुमच्याकडे तर १९८२ पासून स्पर्धकांची तपासणी सक्तीची. ईसीजी, श्रमचाचणी, सगळं. त्याचीही झालेलीच होती. म्हणून ‘सर्टिफिकेट आहे गं आई’ हे मला सांगू नकोस.

लेक्चर झालं, माफ कर. मोर्तिरोलो घाटावरचा तुझा फोटो हॉलमध्ये लावलाय, येईल त्याला दाखवते. तरी एवढं ऐक: एकटा जाऊ नकोस. छातीत दुखलं, गरगरलं, उगाच धडधडलं तर लगेच उतर आणि ११२ लाव. रूममेटलाही सीपीआर शिकून घ्यायला सांग: छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, पाच-सहा सेंटीमीटर खोल. ताप उतरल्यावरही आठवडाभर आरामातच. पहिल्या दिवशी अर्धा तास, तोही सपाटीवर.

शनिवारी सकाळचा पल्स कळव, नुसता आकडा पाठवलास तरी चालेल. रविवारी गेला नाहीस तर फी बुडेल, बाबांना मी सांगते.

– आई