मुलं लिहितात, फक्त पाठवत नाहीत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पानावर एका निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र आलं होतं. मुलं दिवसभर मोबाइलवर बोटं चालवतात, पण ऑनलाइन अभ्यासात ‘तुम्हाला काय वाटतं ते लिहा’ म्हटलं की सगळी चिडीचूप. या पिढीला स्वतःचं मतच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांची तळमळ खरी आहे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत स्टाफरूममध्ये बसून मीही हेच म्हणत होते. आता माझ्याच्यानं म्हणवत नाही, आणि त्याला कारण एक वही आहे.

मी सांगली जिल्ह्यात, आटपाडी भागातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. एकवीस वर्षं झाली. आमच्याकडची कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. कुणाचे वडील कोइमतूरला, कुणाचा चुलता कोलकात्याला. मुलं कधी तिकडे, कधी इकडे आजीजवळ. २०२०च्या टाळेबंदीत कॉलेज मोबाइलवर आलं, ते अशा मुलांच्या बाबतीत पुरतं परत गेलंच नाही. आजही नोट्स, प्रश्न, स्वाध्याय सगळं गूगल क्लासरूमवर असतं. शिवाय केंद्र सरकारचं ‘स्वयं’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ आहे, २०१७ पासूनचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय त्यावरून करायची मुभा दिली. तिथल्या अभ्यासक्रमाचे चार भाग असतात : व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चाचणी आणि चर्चा. पहिले तीन आमची मुलं नेटानं पार पाडतात. चर्चेपाशी येऊन थांबतात.

तर ती वही. द्वितीय वर्षाच्या वर्गाला मी मुक्ता साळवे हिचा निबंध वाचायला दिला होता. फुले दांपत्यानं चालवलेल्या शाळेत शिकलेली ही मातंग समाजातली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. वेदांवर हक्क ब्राह्मणांचा, मग आमचा धर्म कोणता, असं ती त्यात थेट देवालाच विचारते. मी खाली प्रश्न टाकला : हा निबंध वाचून तुम्हाला काय वाटलं? किमान ५० शब्द. २ गुण.

संध्याकाळपासून उत्तरं यायला लागली. ‘खूप छान निबंध आहे.’ ‘यातून खूप काही शिकायला मिळालं, धन्यवाद मॅडम.’ एकाखाली एक, जणू एकाच साच्यातून काढलेली. एकानं केलेली चूकही पुढच्या सात जणांत तशीच उतरली होती. त्यातच एका मुलीच्या चार ओळी आल्या, तिच्या स्वतःच्या. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे : ‘मुक्ता तीन वर्ष शिकली आणी लीहून मोकळी झाली, आमी चौदा वर्ष शिकतोय पण अजून इचार करतोय.’

सबंध वर्गात तेवढंच एक वाक्य जिवंत होतं. त्याखाली मी लगेच लिहिलं : ‘आणि’ ऱ्हस्व. ‘लिहून’. ‘आम्ही’. ‘विचार’. प्रमाणभाषेत लिहावे.

एवढंच लिहिलं. ती काय म्हणाली, त्याबद्दल अवाक्षर नाही. मला वाटलं, मी माझं काम केलं. रात्रीपर्यंत त्या पानाचा स्क्रीनशॉट वर्गातल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, त्याखाली हसणारे चेहरे पडले आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिला ‘इचार’ अशी हाक मारली गेली. हे मला फार नंतर कळलं. मला दिसलं ते इतकंच, की त्यानंतर वर्षभर तिनं एकही ओळ लिहिली नाही. तिच्या नावापुढे मी दर वेळी ‘सहभाग नाही’ असं लिहीत गेले.

‘आणि’बद्दल इथं थोडं थांबते, कारण ते मला आजही टोचतं. आपल्या लेखननियमांत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा, असा सरसकट नियम आहे. म्हणून आपण ‘कवी’, ‘पाटी’, ‘गती’ लिहितो. ‘आणि’ आणि ‘नि’ हे त्याला ठरवून दिलेले अपवाद. म्हणजे ‘आणी’ लिहिणारी मुलगी नियमानंच चालली होती, अडखळली ती अपवादापाशी. मराठीची शिक्षिका म्हणून हे मला ठाऊक होतं. तिला जवळ बसवून सांगितलं असतं तर तो पाच मिनिटांचा सुंदर तास झाला असता. मी मात्र तिला साठ जणांसमोर अडवलं.

वर्षाच्या शेवटी अंतर्गत गुणांसाठी वह्या तपासायच्या होत्या. ती तिची वही देऊन गेली. मी चाळत चाळत मागच्या पानांपर्यंत गेले, तर तिथं वर्षभरातल्या माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं. वर तारीख, खाली मजकूर. आधी पेन्सिलीनं, मग त्यावर पेनानं. काही उत्तरं दोनदा लिहिलेली. ‘परिस्थिती’ हा शब्द समासात चार प्रकारांनी लिहून पाहिला होता. तीन खोडले होते आणि ठेवला होता तो चौथाही चुकलेलाच होता. पण त्या उत्तरांतला मजकूर! कोइमतूरला वडिलांच्या दुकानामागच्या खोलीत भट्टीच्या धगीत बसून तिनं जे वाचलं होतं, ते तिला कुठं कुठं लागलं होतं, ते सगळं त्या पानांवर होतं. एवढं माझ्या वर्गात बसून कुणी मला कधी सांगितलं नव्हतं. मी ती पानं स्टाफरूममध्ये बसून वाचली आणि पुढचा तास मला घेता आला नाही.

पाठवलं का नाहीस, म्हणून विचारलं. खाली बघत म्हणाली, ‘‘बोल्लेलं वाऱ्यावर जातंय, मॅडम. ल्हिलेलं तितंच ऱ्हातंय. आन् वर माजं नाव, फोटू.’’

मग मी इतर मुलांना विचारू लागले. वर्गात नाही, एकेकट्याला, एसटीच्या थांब्यावर, ग्रंथालयात. प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं. कितीतरी मुलींकडे स्वतःचा फोन नाही. खातं भावाच्या नावाचं. तिनं मन लावून लिहायचं, तिथं नाव उमटणार भावाचं, आणि भाऊ ते वाचणार. काहींच्या घरी मुलीचं नाव आणि फोटो असा ‘पोरांच्यात’ दिसलेला चालत नाही. एक मुलगा म्हणाला, मॅडम, तुमच्याशी असहमत झालो आणि गुण कापले तर? त्याला मी काय उत्तर देणार? गुण माझ्याच हातात होते.

एक गोष्ट तर माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसली नव्हती. हीच मुलं आपापल्या ग्रुपवर दिवसाला शंभर ओळी लिहितात, पण इंग्रजी अक्षरांतली मराठी. मला त्या लिपीचा फार राग. मग एका मुलानं समजावलं : त्यात ऱ्हस्व-दीर्घ नसतं, कुणी पकडत नाही. मी सुन्न झाले. आपल्याच भाषेत मोकळं बोलायला माझी मुलं परक्या लिपीच्या आडोशाला गेली होती, आणि त्यांना तिकडे हाकलणाऱ्यांत मी होते.

जे लिहिण्याचं, तेच ऑनलाइन तासाला बोलण्याचं. मेरी बड रो या अमेरिकेतल्या संशोधिकेनं १९७०च्या दशकात वर्गांतल्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि दुसऱ्याकडे वळतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. ते झालं समोरासमोरच्या वर्गाचं. गूगल मीटवर आमच्या मुलाला आवाज सुरू करायचं बटण शोधायचं असतं, घरातला टीव्ही बंद करायला सांगायचं असतं, रेंजसाठी ओट्यावर यायचं असतं. तीन सेकंद त्यातच जातात. तोवर मी ‘कुणालाच येत नाही ना? बरं, मीच सांगते’ म्हणून मोकळी झालेली असते.

आता त्यात नवीन भर पडली आहे. गेल्या वर्षापासून काही उत्तरं एकदम निर्दोष येतात. एकही वेलांटी चुकलेली नाही, पण आत माणूसही नाही. मुलं ती यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतात. सहकारी चिडतात, फसवणूक म्हणतात. मला त्यात भीतीच जास्त दिसते. चूक दिसली की बोट ठेवायचं आणि विचार दिसला तर गप्प राहायचं, हे आपण इतकी वर्षं केलं. त्यातून मुलांनी जे शिकायचं ते शिकून घेतलं.

मी शुद्धलेखन सोडलेलं नाही, हे मुख्याध्यापक महोदयांना मुद्दाम सांगते. मराठी शिकवणाऱ्यानं ते सोडू नयेच. मी फक्त त्याची वेळ आणि जागा बदलली. आता सत्राचे पहिले पंधरा दिवस मी कुणाच्याही लिहिण्यातली एकही चूक दाखवत नाही. आधी त्यानं मांडलेल्या मुद्द्याला उत्तर देते, शक्यतो प्रश्नानं, म्हणजे त्याला पुन्हा लिहावंसं वाटतं. चुका नंतर, त्याच्या एकट्याच्या खात्यावर. साठ जणांसमोर लिहायला लावत नाही. पाच-पाचांचे गट आणि गटातली मुलं त्यांची त्यांनी निवडलेली. या लिहिण्याला गुण नाहीत. पहिला खर्डा कोणत्याही अक्षरात लिहिलेला चालतो, इंग्रजी अक्षरांतसुद्धा. पक्का मात्र देवनागरीत. आणि ज्याला लिहायचं नाही, त्यानं बोलून पाठवायचं.

या बोलून पाठवण्यानं मला सर्वांत जास्त शिकवलं. एक मुलगा दोन वर्षांत ‘हजर मॅडम’पलीकडे काही बोलला नव्हता. दुष्काळावरचा एक पाठ झाल्यावर त्याचा सहा मिनिटांचा आवाज आला. मागं कोंबड्या, मधेच मोटरीची घरघर. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी शिवारात आलं त्या दिवशी त्याचे आजोबा पाटाशेजारी काहीही न बोलता नुसते बसून राहिले होते, घरी जेवायलाही आले नाहीत, हे तो अस्सल माणदेशीत सांगत होता. पाण्यानं उसाचा मोह कसा आला, डाळिंबाच्या बागांचं काय झालं, मेंढरांची कुरणं कुठं गेली, यावरही त्याची मतं होती, आणि ठाम होती. मी त्याला म्हटलं, आता हेच ऐकत ऐकत लिहून काढ. आठ दिवस लागले. दोन पानं झाली. चुका भरपूर होत्या. आम्ही दोघांनी बसून दुरुस्त केल्या, आणि प्रत्येक दुरुस्तीला त्यानं ‘असं का?’ विचारलं. ज्याला आपलं म्हणणं पोचवायचं असतं, त्याला व्याकरणाची गरज आपोआप पटते. उलट्या बाजूनं सुरुवात करून मी अठरा वर्षं झटले.

सगळेच बोलते झाले, असं मात्र नाही. या वर्षी साठातले वीस-बावीस नेमानं लिहितात. काहीजण फक्त वाचतात, आणि तेही मी आता ‘सहभाग नाही’मध्ये धरत नाही, वर्गात ऐकणाऱ्या मुलाला आपण गैरहजर मांडतो का? तीन मुलींच्या घरी फोनचा प्रश्न आहे तो आहेच. त्या कागदावर लिहून देतात, मी त्यांच्या नावाशिवाय ते वर्गापुढे ठेवते.

प्राध्यापक मित्रमैत्रिणींना माझी हात जोडून विनंती आहे : प्रतिक्रियेला गुण ठेवू नका, शब्दमर्यादा घालू नका, आणि पहिल्या ओळीवर लाल शाई टाकू नका. मुलाच्या लिहिण्याचा स्क्रीनशॉट फिरवणाऱ्याला मात्र वर्गासमोर स्पष्ट समज द्या. ते मी केलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पालकांनी मुलीचं खातं तिच्या नावानं काढून द्यावं. संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. महिन्यातून एकदा या पानाचा एक कोपरा विद्यार्थ्यांच्या पत्रांसाठी राखता येईल का? नाव छापायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्यावं.

ती मुलगी आता एम. ए. करते आहे. हे पत्र पाठवण्याआधी मी तिला फोनवर वाचून दाखवलं. तिच्या परवानगीनंच पाठवते आहे. ती ओळखू येऊ नये म्हणून माझं आणि कॉलेजचं नाव कृपया छापू नये. आणखी एक विनंती तिची स्वतःची आहे. वर दिलेलं तिचं वाक्य मुद्रितशोधनात दुरुस्त करू नये. ‘आणी’ दीर्घच राहू द्यावा, आणि ‘इचार’ही तसाच ठेवावा.

आपली,
मराठीची एक प्राध्यापिका
ता. आटपाडी, जि. सांगली