लोहगावपर्यंतचे पंधरा किलोमीटर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘शनिवार-रविवार विमानाने, तेही स्वस्तात’ अशा आशयाचा लेख वाचला. मी सहकारी बँकेतून निवृत्त झाले आहे, त्यामुळे हिशेब दिसला की तपासायची खोड आहे. लेखात तिकिटाचा हिशेब चोख होता. घरापासून विमानतळापर्यंतचा खर्च मात्र त्यात कुठेच नव्हता.

मागच्या महिन्यात मी आणि माझ्या वन्सं पुण्याहून कोलकात्याला जाऊन आलो. शनिवारी पहाटे 5:40 ला निघालो आणि रविवारी मध्यरात्रीनंतर परतलो. रेल्वेने एका बाजूलाच तीस तासांच्या आसपास लागतात, म्हणजे दोन दिवसांत कोलकाता ही विमानाचीच कृपा. दोघींचं जाऊन-येऊन तिकीट 19,200 रुपये. पिशव्या सात-सात किलोच्या आतल्या, घरच्या काट्यावर दोनदा तोललेल्या. जागा निवडायचे पैसे भरले नाहीत म्हणून वन्सं चौथ्या रांगेत आणि मी तेविसाव्या. अडीच तास त्या झोपल्या, मला बडबड ऐकावी लागली नाही. त्याबद्दल तक्रार नाही.

कोलकात्याला उतरल्यावर मात्र गंमत पाहिली. विमानतळाला लागूनच ‘जय हिंद’ हे मेट्रो स्थानक आहे, 2025 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेलं. नोआपाड्याला गाडी बदलली की थेट शहराच्या मध्यावरचं एस्प्लनेड. वन्संचा गुडघा दुखरा, तरी कुठे रिक्षा करावी लागली नाही. तिथून हुगळीच्या तळाखालून जाणाऱ्या मेट्रोने हावडा. नदीखालचा पट्टा पाऊण मिनिटात संपतो. वन्संनी चष्मा पुसेपर्यंत संपलासुद्धा. मग हावड्याहून फेरीबोटीने बागबाजार.

बागबाजारचा हट्ट वन्संचा. त्या इतिहास शिकवायच्या. 1742 मध्ये मराठ्यांच्या धास्तीने इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला होता. तो केव्हाच बुजला, पण बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली अजून आहे. गल्लीत पाहण्यासारखं काही नाही. वन्सं तरी पाटीखाली दहा मिनिटं उभ्या होत्या. कुठून आलात, असं चहावाल्याने विचारलं. आम्ही पुणे म्हटल्यावर तो हसला आणि शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं, त्यातलं ‘बोर्गी’ एवढंच कळलं. बोर्गी म्हणजे आपले बारगीर, बंगालवर चालून गेलेले मराठा घोडेस्वार. त्यांची ओळख तिकडे अजून पुसलेली नाही. चहाचे पैसे मात्र त्याने घेतले.

आता हिशेब. कोलकात्यात दोन दिवस मेट्रो, बोट आणि परतताना विमानतळाची बस, सगळं धरून दोघींचा प्रवासखर्च चारशेच्या आत. पुण्यात मात्र कोथरूडचं घर ते लोहगावचा विमानतळ, जाताना टॅक्सी 590, येताना रात्रीचे म्हणून 720. पंधरा किलोमीटरचं अंतर दोनदा कापायला 1,310 रुपये! कोलकात्यात एका रात्रीची खोली आम्हाला 1,400 ला मिळाली होती.

कोथरूडजवळच्या वनाज स्थानकाहून विमानतळाच्या दिशेला रामवाडीपर्यंत मेट्रो आहे, तिकीट तीस रुपये. पण ती सकाळी सहाला सुरू होते, आणि स्वस्त विमानं नेमकी त्याआधी उडतात किंवा ती बंद झाल्यावर उतरतात. शिवाय रामवाडीपासून विमानतळ उरतोच. योगायोग बघा, हुगळीखालच्या मेट्रोचं आणि आपल्या रुबी हॉल ते रामवाडी टप्प्याचं उद्‌घाटन 6 मार्च 2024 रोजी कोलकात्यातल्या एकाच कार्यक्रमात झालं होतं. त्यांची मेट्रो दीड वर्षात विमानतळाला टेकली.

रामवाडीच्या पुढे मेट्रो न्यायला वर्षं लागतील, हे मला समजतं. तोवर वनाज ते लोहगाव अशी एक बस रात्री अकरा ते पहाटे सहा दर तासाला सोडा, मेट्रोच्या प्रत्येक थांब्यावर थांबणारी. तिकीट शंभर ठेवलं तरी लोक भरतील. आणि एक छोटी मागणी. कोलकाता विमानतळावर डिसेंबर 2024 पासून दहा रुपयांत चहा देणारं उपाहारगृह आहे, वीस रुपयांत समोसाही मिळतो. आम्ही दोन्ही घेतलं. राज्यातल्या प्रत्येक विमानतळावर असं एक, सहज दिसेल अशा जागी असावं. घरून नेलेल्या गूळपोळ्यांवरच भागवण्याची वेळ आमच्यासारख्यांवर येऊ नये.

पुढच्या वेळी जाताना दुपारचं विमान बघ, असं वन्संनी बजावलं आहे. ते दोघींत मिळून तीनशेने महाग पडतं. मेट्रो आणि पुढची रिक्षा धरून हिशेब केला, तरी शंभर रुपये वाचतात.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड, पुणे