वायरमन दादा, पेन्सिलची ती ओळ अजून भिंतीवर आहे

आदरणीय वायरमन दादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. मे महिन्यात चोपड्याहून सामान आणून आम्ही या जुन्या घरात राहायला आलो. घर विकत घेतलं, कागद झाले, दूध उतू घालून प्रवेश केला. आणि पाचव्या दिवशी भर दुपारी लाइट कापून गेले. आधीच्या मालकाची चौदा महिन्यांची थकबाकी होती म्हणे.

खान्देशातला मे काय असतो हे तुम्हाला मी काय सांगू! कूलर बंद, पत्रे तापलेले आणि सासूबाई 81 वर्षांच्या. ओला पंचा अंगावर टाकून त्या ओसरीत बसून होत्या.

वीज कार्यालयाच्या खिडकीवर आम्ही तीनदा गेलो. "ज्याचं घर, त्याची बाकी," एवढंच उत्तर. वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे कोणी बोललं नाही. तिसऱ्या वेळी तर साहेब मान वर न करता म्हणाले, "नाही भरलं तर प्रीपेड मीटर बसवू, रिचार्ज संपला की अंधार." माझ्या सासूबाईंना ते वाक्य इतकं लागलं की त्या रात्री जेवल्या नाहीत. आपल्यावर कर्जबाजारीपणाचा शिक्का बसला असं त्यांना वाटलं.

तुम्ही आला होता शेजारच्यांच्या तक्रारीवर. आमच्याशी तुमचं काही काम नव्हतं. ओसरीत आजी दिसल्या म्हणून शिडी भिंतीला टेकवलीत आणि विचारलंत, "काय माय, लाइट नही का?" अहिराणी ऐकली आणि सासूबाई रडायलाच लागल्या.

मग तुम्ही मीटरचं बटण दाबून धरलंत. वीज नसतानाही आकडा उमटला. कानामागची पेन्सिल काढून तुम्ही मीटरशेजारी भिंतीवर तारीख लिहिलीत, आकडा लिहिलात आणि खाली स्वतःची सही केलीत. म्हणालात, "पाच दिवस तुमचे. त्याआधीचं सगळं तुमच्या अंगावर कोणी टाकलं तर मला बोलवा."

दादा, ती सही! तोवर आमच्या बाजूने कोणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. आमचं म्हणणं सगळ्यांनी ऐकून सोडून दिलं होतं. तुम्ही त्याखाली स्वतःची सही घातलीत. उद्या वर प्रश्न आला असता तर तुम्हालाच आला असता.

प्रीपेडची भीतीही तुम्हीच काढलीत. सासूबाईंना समजावलंत, की ती शिक्षा नाही, आधी पैसे भरून वीज वापरायची एवढंच. आणि 2003 च्या वीज कायद्यानुसार असं मीटर घेणाऱ्याकडे अनामत मागता येत नाही. घर विकत घेणाऱ्याकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच जुनी बाकी मागता येते, हेही तुमच्याकडूनच कळलं. पुढचं कार्यालयातलं सांगत बसत नाही. सहा महिन्यांचे पैसे भरले, उरलेली बाकी आमच्या नावावरून काढली गेली, लाइट आली. रीतसर जे देणं होतं त्याबद्दल आमची तक्रार नाही.

लाइट आल्यावर तुम्ही पुन्हा आलात. चहा घेतला नाहीत, पण सासूबाईंचा हात धरून त्यांना मीटरपाशी नेलंत. लुकलुकणारा लाल दिवा दाखवलात: "माय, हा 3200 वेळा मिचकला का एक युनिट." घरातल्या कर्त्या माणसाला सोडून तुम्ही हे त्यांना सांगितलंत. म्हाताऱ्या माणसाला इतक्या आदराने समजावणारी माणसं अजून आहेत, आणि ती शिडी खांद्यावर घेऊन उन्हात फिरतात.

दिवाळीत घराला रंग दिला. रंगाऱ्याला सांगून मीटरशेजारची वीतभर जागा तशीच ठेवली आहे. सासूबाई रोज सकाळी तिथे उभ्या राहून आकडा वाचतात आणि भिंतीवरच्या आकड्याशी वजाबाकी करतात. तुम्ही आलात तर हिशेब त्याच देतील. थंडीत या, भरीत आणि कळण्याची भाकरी करीन. या वेळी नाही म्हणू नका.

तुमची बहीण