अक्कलकोट रोडच्या लेथवाल्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय: माझ्या हँडलच्या ट्रॅक्टरला तुम्ही बटणाचा स्टार्टर बसवून दिलात, त्याचे हे आभार. नाव घालू नको म्हणालात, घालत नाही. एमआयडीसीत तुमच्याकडून काम करून घेतलेले ओळखतीलच.

वडिलांचा तो एक सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर. इंजिन आतून धडधाकट, पण चालू करायचं म्हणजे हँडल. डिकम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरातला दाब सोडून देणारा खटका उचलायचा, जड फ्लायव्हीलला (इंजिनच्या चाकाला) वेग द्यायचा आणि नेमक्या वेळी खटका सोडायचा. डिझेलला ठिणगी नसते. सिलिंडरातली हवा दाबून इतकी तापावी लागते की डिझेल आपोआप पेटेल. वेग कमी पडला तर हँडल उलटं मारतं आणि मनगट जातं. माझ्या अंगात तेवढं बळ नाही. पेरणी असो की मार्केट यार्डात कांदा न्यायचा असो, आधी कुणाच्या तरी पोराला हाक मारायची. शेत माझं, ट्रॅक्टर माझा, आणि सुरू व्हायचा तो दुसऱ्याच्या सवडीने. हे मला फार लागायचं. जिथं विचारलं तिथं एकच उत्तर मिळालं: भंगारात घाला, नवा घ्या.

तुम्ही तसं म्हणाला नाहीत. आधी इंजिन चालू करून कान देऊन ऐकलंत, मग खडूने फ्लायव्हीलवर फिरण्याच्या दिशेचा बाण काढलात. स्टार्टर म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी विजेची मोटर. तिचा पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, फ्लायव्हीलवर बसवायच्या दातेरी रिंगच्या दातांना बाहेरून लागतो, म्हणून तो इंजिनच्या उलट दिशेने फिरणारा हवा, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. पिनियनला दात नऊ-दहा, रिंगला शंभराच्या वर. एवढीशी मोटर एवढं जड चाक कशी फिरवते, त्याचं उत्तर तिथंच मिळालं.

रिंग बसवायचा दिवस मी विसरणार नाही. फ्लायव्हीलच्या कडेला लेथवर पायरी काढली होती आणि रिंग तिच्यापेक्षा मुद्दाम केसभर लहान ठेवली होती. तुम्ही ती सगळीकडून सारखी तापवत होतात आणि मला रंगावर नजर ठेवायला सांगितलंत. घासलेल्या पोलादावर पिवळसर झाक आली की बास, निळा रंग आला तर दातांचा कडकपणा गेला. दोनशे अंशांच्या आसपास ती फुगली, अलगद बसली, आणि निवल्यावर अशी आवळली की घणानेही हलेना. दातांची उतरती कड पिनियनच्या बाजूला आहे ना, हे तुम्ही तापवायच्या आधी दोनदा पाहिलंत. मला तुमचं हे दोनदा पाहणं फार मोलाचं वाटतं.

स्टार्टर धरणारं ब्रॅकेट आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर यांचं काम त्या मानाने लवकर उरकलं. केबलवर मात्र तुम्ही अडून बसलात. स्टार्टरने 200 अँपिअर ओढले आणि वाटेत ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला, तरी 12 व्होल्टांतले 2 तिथंच जातात. म्हणून जाड तांब्याची केबल घेतली, आणि अर्थिंग गंजक्या चासीवर न देता बॅटरीपासून थेट स्टार्टरच्या अंगाला नेलं. बॅटरी कमजोर म्हणून बदलणाऱ्या कितीतरी जणांना आधी हे कुणीतरी सांगायला हवं.

आता मी खटका उचलते, बटण दाबते, वेग आला की खटका सोडते. एका दमात दहा सेकंदांच्या वर सेल मारत नाही, मोटर निवू देते. थंडीतसुद्धा धरतो. भल्या पहाटे निघायचं असलं तरी कुणाचं दार वाजवावं लागत नाही.

हुरड्याच्या दिवसांत मामींना घेऊन रानात या, हे आग्रहाचं बोलावणं आहे. आणि शेजारचे काका त्यांच्या विहिरीवरच्या हँडलच्या इंजिनचं फ्लायव्हील घेऊन तुमच्याकडे येणार आहेत. माझ्याकडून मजुरी फारच कमी घेतलीत. त्यांच्याकडून पुरती घ्या. तसं मी त्यांना आधीच सांगून ठेवलंय.

तुमची,
दक्षिण सोलापुरातली शेतकरी भाची