लेख वुजूपाशीच का थांबला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘यकीन शकने जात नाही’, म्हणजे खात्री नुसत्या संशयाने जात नाही, या शरियतच्या नियमावरचा कालचा लेख वाचून राग आला. वुजू (नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन होणारी शुद्धी) वायू सरून तुटल्याचा नुसता संशय आला तर आवाज ऐकू येईपर्यंत किंवा वास येईपर्यंत नमाज सोडू नये, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, लेखकांनी सांगितली, तिची थट्टा केली आणि विषय संपवला. हाच नियम ‘मजल्ला’ या उस्मानी तुर्कांच्या दिवाणी कायद्यात चौथं कलम म्हणून आहे. आठवं कलम त्याच्यावरच उभं आहे: मुळात कुणाच्याही माथी देणं नाही असंच धरायचं, दावा करणाऱ्याने पुरावा आणायचा. रोजच्या व्यवहारातली ही गोष्ट लेखात एका ओळीतही नाही.

आणि बेपत्ता नवऱ्याचं काय? माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा, नवरा रावेरहून केळीचा ट्रक घेऊन दिल्लीकडे गेला. ट्रक सापडला, माणूस नाही. तो जिवंत होता हे यकीन, मेला असेल हा शक. म्हणून खाला त्याची बायकोच. हनफी आणि मालिकी हे इस्लामी कायद्याचे दोन पंथ. जुन्या हनफी मताप्रमाणे त्याच्या वयाची माणसं जगातून जाईपर्यंत तिने थांबायचं. मोहल्ल्यातल्या मोठ्यांनी तेच ऐकवलं. ऐकवणाऱ्यांपैकी एकानेही तिच्या घरात पीठ टाकलं नाही. मालिकी मतात वाट पाहायला चार वर्षांची मुदत आहे, तीच घेऊन १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला, हे एका वकीलबाईंनी तिला सांगितलं तेव्हा तिचे केस पिकले होते.

त्या कायद्यातही शंकेची कदर आहे. नवऱ्याच्या वारसांना नोटीस जाते. लग्न तोडण्याचा हुकूम सहा महिने अमलात येत नाही. तेवढ्यात तो परतला आणि नांदवायला तयार आहे अशी कोर्टाची खात्री पटली, तर हुकूम रद्द. बाईचा जन्म अडकू नये म्हणून हनफी आलिमांनीच (धर्मपंडितांनीच) मालिकी मताची वाट मोकळी केली. हे आमच्याकडे कुणी सांगत नाही, तुमच्या लेखकांनीही सांगितलं नाही. माझा राग दोघांवर सारखाच आहे.

आणखी एक. तुमच्या अंकात रमजान ईदची तारीख आधीच ठाम छापतात. २९ व्या रोजाला चांद दिसला नाही तर महिना ३० चा धरतात, म्हणून तारखेपुढे ‘चंद्रदर्शनानुसार’ एवढं तरी छापा. मागच्या खेपेस छापील तारीख धरून भाचीच्या शाळेने आदल्या दिवशी सुट्टी दिली आणि ऐन ईदला पोरांचा पेपर ठेवला.

आपली,
एक वाचक, भुसावळ