रंगपंचमीला फोन उचललेल्या ताईंना

ताई,

थँक्यू म्हणायला इतका उशीर केला त्याबद्दल आधी शिव्या घाला, मग पुढचं वाचा.

३० मार्च २०२४, शनिवार, रंगपंचमी. आख्खं कोल्हापूर रस्त्यावर आणि मी घाबरून तुम्हाला फोन लावतोय, कारण आदल्या दिवसापासून सगळीकडे नुसतं एक्सझेड एक्सझेड चाललेलं (लिनक्समधल्या त्या फाइल दाबायच्या टूलमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवलेला) आणि मला वाटलं राजारामपुरीतल्या आमच्या लॅबचा डेबियन लिनक्सवरचा सर्व्हर गेला आता. तुम्ही पहिल्याच वाक्यात हवा काढली. "डेबियन बारा स्टेबल हाय न्हवं? मग तुला त्याचं काय नाही. पण नेटफिल्टरचं बघितलास का? मी चार दिवस तेच वाचत बसलोय." (पुण्यात एवढी वर्षं राहून पण तुमचं 'बसलोय' काय 'बसलेय' झालं नाही, लई बरं वाटलं.)

मी म्हटलं, नेटफिल्टर म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचा बग ना, आमचा सर्व्हर बाहेरून बंदच आहे, आपल्याला काय त्याचं. तेव्हा तुम्ही विचारलं, आत किती पोरांना लॉगिन दिलंयस? चाळीस. "मग चोर घरातच जेवायला बसलाय की रे."

सीव्हीई-२०२४-१०८६ (नेटफिल्टरच्या त्या बगचा नंबर) तुम्ही समजावलं तसं मी आजही पोरांना सांगतो. स्टँडवरची क्लोकरूम धरा. तुम्ही बॅग काढली, बिल्ला परत दिला, खण रिकामा म्हणून नोंद झाली. चुकून तोच बिल्ला दुसऱ्यांदा जमा झाला तर वहीत एकच खण दोनदा रिकामा, आणि मग तो दोघांना दिला जातो, एकाने काही ठेवलं की दुसऱ्याचं सामान बदलतं. हाच डबल फ्री, एकच मेमरी दोनदा मोकळी करणं. एनएफ टेबल्समध्ये (नेटफिल्टरचा नियमांचा भाग) नियम लिहिताना 'ड्रॉप'च्या निकालासोबत एक एरर नंबर देता यायचा, आणि तो नीट तपासलाच जात नव्हता. नंबर असा निवडायचा की कर्नल (लिनक्सचा गाभा) पॅकेट फेकून देतो, त्याची मेमरी मोकळी करतो, आणि वर मात्र 'अ‍ॅक्सेप्ट' असा निरोप जातो. पुढचा कोड बिचारा पॅकेट जिवंत समजून कामाला लागतो आणि तीच मेमरी परत मोकळी करतो. साधा युजर स्वतःची नेमस्पेस (सिस्टिममधला वेगळा कप्पा) काढून तिथला रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होतो म्हणून त्याला हे नियम लिहिता येतात, आणि तिथून अख्ख्या मशीनचा रूट. २०१४ च्या ३.१५ कर्नलपासून हे असंच पडून होतं! आणि त्याच आठवड्यात चालू एक्सप्लॉइट (बग वापरून घुसायचा तयार कोड) सगळ्यांसमोर आलेलं, लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या टेस्टमध्ये ९९.४ टक्के वेळा चाललेलं.

मी छाती फुगवून म्हटलं, अपडेट तर मी फेब्रुवारीतच मारलंय. दुसरा कुणी असता तर "मग झालं" म्हणून फोन ठेवला असता. तुम्ही म्हणाला, "यूनेम मार बघू." म्हणजे आत्ता कुठलं कर्नल चालू आहे ते दाखवणारी कमांड.

घरनं जमेना म्हणून तसाच रंगलेला लॅबला गेलो. स्क्रीनवर ६.१.०-१३. ऑक्टोबरातलं कर्नल! दुरुस्तीवालं १८ नंबरचं डिस्कवर आरामात पडलेलं आणि मशीन पाच महिने रीबूटच नाही, मग नवं कर्नल चालू होणार कसं, कारण अपटाइम (सलग चालू राहिल्याचा काळ) मोठा दिसला की मला उगाच भारी वाटायचं. माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही.

"मी थांबतो फोनवर, तू कर." रीबूटनंतर स्क्रीन काळी राहिली तेवढा वेळ तुम्ही तुमच्या पोराला डबा कुठं ठेवलाय ते सांगत होता आणि मी मनात अंबाबाईला नारळ बोलत होतो. मग लॉगिन आलं, १८. वर तुम्ही साध्या युजरांच्या नेमस्पेस पण बंद करायला लावल्या, त्यावरून पॉडमन (कंटेनर चालवायचं टूल, त्याला नेमस्पेस लागतात) वापरणारी दोन पोरं आठवडाभर माझ्यावर रुसलेली.

मे महिन्याच्या शेवटी अमेरिकेच्या सिसानं (तिथली सरकारी सायबर सुरक्षा संस्था) हाच बग प्रत्यक्ष हल्ल्यात वापरला जातोय म्हणून यादीत टाकला. ती बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला, दोन महिने उशिरा. चाळीसातल्या कुणी काही केलं असतं असं म्हणत नाही, पोरं चांगली आहेत, पण त्यातल्या निम्म्यांचा पासवर्ड स्वतःचा मोबाईल नंबर होता हो.

गावाकडं आलात की कळवा, गंगावेशीत दूध कट्ट्यावर एक ग्लास माझ्याकडून. आणि लॅबला पण या. कीबोर्डवरचा एंटर अजून गुलाबी आहे, स्पिरिट लावून पण निघाला नाही.

तुमचा,
राजारामपुरीतला ज्युनिअर